क्लोज मारलं तरी सॉकेट जिवंत कसं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलायचं आपल्याकडचं टोक, बंद करण्यावरचे बरेच प्रश्न आलेत आणि गंमत म्हणजे सगळ्यांची गोम जवळपास एकच आहे, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलून यावेळी फक्त हेच घेतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: नमस्कार. मी सी++ मध्ये एक छोटी नेटवर्किंग लायब्ररी लिहितोय, लिनक्सवर. एका टीसीपी सॉकेटवर दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकदम चालणारी कामं) आहेत, एक फक्त वाचतो, दुसरा फक्त लिहितो. डिसकनेक्ट म्हटलं की मेन थ्रेड सरळ क्लोज मारतो. कधीकधी वाचणारा थ्रेड उठतच नाही, प्रोग्रॅम लटकून राहतो. आणि त्याहून विचित्र म्हणजे परवा आमच्या लॉग फाईलमध्ये मधेच काही कचरा अक्षरं दिसली, नीट बघितलं तर तो आमच्याच पिंग मेसेजचा हेडर! लॉग फाईलचा आणि सॉकेटचा संबंध काय? म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लावून बघितला, काही फरक नाही.

उत्तर: आधी लॉग फाईलचं कोडं सोडवू, कारण लटकण्यापेक्षा ते जास्त घातक आहे. तुमच्या हातात जे असतं ते सॉकेट नसतंच, तो नुसता एक आकडा असतो, फाईल डिस्क्रिप्टर, धरा १४. आता घडतं काय बघा. लिहिणाऱ्या थ्रेडने ऑब्जेक्टमधून १४ हा आकडा उचलला, कनेक्शन चालू आहे ना ते तपासलं, सगळं ठीक, आता राईट कॉल करणार एवढ्यात शेड्यूलरने त्याला बाजूला काढलं. तेवढ्यात मेन थ्रेडने १४ क्लोज केला. लगेच लॉगरची फाईल बदलायची वेळ झाली, त्याने नवीन फाईल उघडली, आणि पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाचा, नियमच आहे की ओपनला सगळ्यात लहान मोकळा आकडा मिळतो, म्हणजे परत १४. मग लिहिणारा थ्रेड जागा झाला, त्याच्या हातात अजून तोच १४, त्याने पिंगचे बाइट त्यावर लिहिले आणि ते गेले लॉगमध्ये. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, दृष्टीने काही चुकलेलंच नाही त्यामुळे एररही नाही.

यावरून मला हेही कळतंय की तुम्ही सेंड नाही, राईट वापरताय. सेंड असता तर साध्या फाईलवर 'हे सॉकेट नाही' अशी एरर आली असती आणि भानगड लवकर उघडी पडली असती. पण म्हणून नुसता सेंड वापरा असं मी म्हणणार नाही, कारण १४ नंबर उद्या फाईलऐवजी दुसऱ्या एखाद्या नव्या कनेक्शनला मिळाला तर सेंड बिनबोभाट चालेल आणि एकाचा डेटा दुसऱ्याला जाईल. कचरा लॉगमध्ये दिसला हे तुमचं नशीब समजा.

म्युटेक्सने फरक पडला नाही कारण तो तुम्ही बहुतेक आकडा वाचण्यापुरता धरलाय, आणि मधली फट तर आकडा वाचणं आणि सिस्टिम कॉल (कर्नलला काम सांगणारा कॉल, इथे राईट) सुरू होणं यांच्यामध्ये आहे. बरं, रिसीव्ह संपेपर्यंत म्युटेक्स धरून ठेवला तर क्लोज करणारा म्युटेक्सपाशी ताटकळत बसणार, वाचणारा समोरून डेटा यायची वाट बघत बसणार, आणि समोरच्याला काही पाठवायचंच नसेल तर झालं, कायमचं. आकडा ॲटॉमिक (कोणालाही अर्धवट न दिसता एका झटक्यात बदलणारा) करून, क्लोज झाल्यावर त्यात उणे एक टाकूनही हे सुटत नाही. लिहिणाऱ्याने आकडा उचलल्यावर तुम्ही तो बदललात, म्हणजे वरातीमागून घोडं.

आता थ्रेड लटकण्याचं. क्लोज या नावावर जाऊ नका. क्लोज कनेक्शन तोडत नाही, तो 'माझ्याकडचा हा आकडा मी सोडला' एवढंच सांगतो. कर्नल त्या सॉकेटला किती जणांनी धरलंय याची मोजणी ठेवतो आणि ती शून्यावर आली की मगच खरा निरोप, म्हणजे फिन पॅकेट, समोर जातं. तुमचा वाचणारा थ्रेड रिसीव्हमध्ये अडकलेला असताना लिनक्सवर त्या चालू कॉलनेही सॉकेट धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे मेन थ्रेडने क्लोज केल्यावर आकडा मोकळा झाला, पण सॉकेट जिवंतच, वाचणारा झोपलेलाच, आणि समोरच्या मशीनलाही काही पत्ता नाही. नाव सोनूबाई म्हणतात तसं.

थ्रेड उठवायचं काम शटडाऊनचं. शटडाऊन मोजणीबिजणी बघत नाही, थेट कनेक्शनवर काम करतो. दोन्ही दिशांचा शटडाऊन केला की अडकलेला रिसीव्ह शून्य घेऊन परत येतो, सेंड करायला गेलं तर तुटलेल्या पाइपची एरर मिळते, आणि तरीही १४ हा आकडा अडवलेलाच राहतो, दुसऱ्या कोणाला मिळू शकत नाही. तुम्हाला नेमकं हेच हवंय. (तुटलेल्या पाइपबरोबर सिगपाइप सिग्नलही येतो आणि तो हाताळला नसेल तर अख्खा प्रोसेस मरतो, तेव्हा लिनक्सवर सेंडला एमएसजी-नोसिग्नल हा फ्लॅग द्याच. लायब्ररीने वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममधले सिग्नल परस्पर बंद करू नयेत असं माझं मत आहे, घर त्याचं आहे.)

मग लायब्ररीच्या आत रचना अशी ठेवा की सॉकेटच्या ऑब्जेक्टमध्ये एक 'बंद होतंय' हा झेंडा आणि एक काउंट, दोन्ही एकाच छोट्या लॉकखाली. कोणताही थ्रेड रीड किंवा राईट करायच्या आधी लॉक घेऊन झेंडा बघतो, वर असेल तर तिथूनच एरर देऊन परत, नसेल तर काउंट एकने वाढवून लॉक सोडतो आणि मग निवांत सिस्टिम कॉल करतो, परत आल्यावर काउंट एकने कमी. डिसकनेक्ट म्हटलं की झेंडा वर, शटडाऊन, आणि बास, क्लोज करायचाच नाही. काउंट शून्यावर आणणारा जो शेवटचा असेल तो क्लोज करेल, मग तो वाचणारा असो, लिहिणारा असो नाहीतर आत कोणीच नसेल तर डिसकनेक्ट करणारा स्वतः. शटडाऊनने कधीकधी 'कनेक्टेड नाही' अशी एरर येते, समोरच्याने आधीच रीसेट (कनेक्शन तडक तोडणारं पॅकेट) मारलेला असतो, ती सोडून द्या.

हे मी नवीन काही सांगत नाहीये. गो भाषेचं नेट पॅकेज आतून हेच करतं, प्रत्येक डिस्क्रिप्टरबरोबर काउंट ठेवलेला एक खास म्युटेक्स असतो, क्लोज केलं की अडकलेले सगळे रीड-राईट एरर घेऊन उठतात आणि खरा क्लोज शेवटचा बाहेर पडल्यावर होतो. ती 'युज ऑफ क्लोज्ड नेटवर्क कनेक्शन' एरर गो लिहिणाऱ्या सगळ्यांनी बघितली असेल, २०२१ च्या १.१६ आवृत्तीपर्यंत ती नावाने तपासायची सोय नव्हती आणि लोक एररचा मजकूर जुळवून बघायचे. जावाची युक्ती अजून मजेदार आहे. तिथे आकडा मोकळा न करता त्याच आकड्यावर डुप-टू वापरून दुसरंच एक आधीच अर्धं बंद केलेलं सॉकेट बसवलं जातं, म्हणजे मागून कोणी त्या आकड्यावर लिहायला आला तर तो मेलेल्या सॉकेटवर आपटतो, आणि सगळे बाहेर पडले की मग आकडा सोडतात.

दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. एक म्हणजे दुसऱ्यांदा क्लोज. नेटवर्क कोडमध्ये एररच्या वाटेवर एकदा आणि ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या डिस्ट्रक्टरमध्ये एकदा असं दोनदा क्लोज होणं ठरलेलंच, आणि कच्च्या आकड्यावर दुसरा क्लोज म्हणजे परत तीच १४ ची गोष्ट, दुसऱ्या कोणाचं तरी सॉकेट तुम्ही बंद करता. तुमच्या ऑब्जेक्टवर दुसऱ्यांदा क्लोज केलं तर काही न करता परत या, फार तर एरर द्या. दुसरी ठेच मी स्वतः खाल्लीये. एका जुन्या कामात माझा डिसकनेक्ट वाचणारा थ्रेड संपेपर्यंत थांबायचा, मला ते फार शिस्तीचं वाटायचं. मग कोणीतरी 'मेसेज आला' या कॉलबॅकच्या, म्हणजे मेसेज आला की लायब्ररी बोलावते त्या फंक्शनच्या, आतूनच डिसकनेक्ट केलं. कॉलबॅक चालतो वाचणाऱ्या थ्रेडवरच, म्हणजे तो थ्रेड स्वतःच्याच संपण्याची वाट बघत बसला, दोन दिवस गेले ते शोधण्यात, आणि शेवटी स्टॅक ट्रेसमध्ये एकाच थ्रेडवर वाचणारं लूप, कॉलबॅक, डिसकनेक्ट आणि जॉइन अशी उतरंड दिसली. तेव्हा डिसकनेक्टमध्ये थांबू नका, थांबायचंच असेल तर त्यासाठी वेगळं फंक्शन द्या आणि ते कॉलबॅकमधून बोलावलं तर सरळ एरर द्या.

जाता जाता, ॲक्सेप्टमध्ये, म्हणजे नवीन कनेक्शनची वाट बघत, अडकलेला थ्रेड उठवायला शटडाऊनवर भिस्त ठेवू नका. लिनक्सवर उठतो, पण सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तसंच होईल असं नाही. तिथे एक छोटा पाइप किंवा इव्हेंट-एफडी ठेवा, पोलमध्ये (अनेक डिस्क्रिप्टरवर एकदम नजर ठेवणारा कॉल) तो आणि ॲक्सेप्टचं सॉकेट दोन्ही द्या आणि उठवायचं असेल तेव्हा पाइपात एक बाइट टाका.

प्रश्न: आमचा क्लायंट शेवटचा मेसेज सेंड करून लगेच क्लोज करतो. सेंड यशस्वी होतो, पण सर्व्हरला कधीकधी तो मेसेज मिळतच नाही, तिथे 'कनेक्शन रीसेट' दिसतं. एकाने लिंगर शून्य करा म्हणून सुचवलं, करू का?

उत्तर: अजिबात नको, आगीतून फुफाट्यात जाल. लिंगर म्हणजे उरलेला डेटा जाण्यासाठी क्लोजने किती वेळ थांबायचं ती सेटिंग, ती चालू करून वेळ शून्य ठेवली की क्लोज मुद्दामच रीसेट पाठवतो आणि पाठवायच्या रांगेत जे काही शिल्लक असेल ते फेकून देतो. तुमची तक्रारच ती आहे ना!

तुमच्याकडे बहुतेक होतंय असं: सर्व्हरने काहीतरी पाठवलेलं, एखादा पिंग किंवा छोटंसं उत्तर, तुमच्या क्लायंटच्या बफरमध्ये न वाचलेलं पडलंय आणि तुम्ही क्लोज केलं. अशा वेळी फिन न पाठवता रीसेट पाठवावा असं १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या मानकातच लिहिलंय, डेटा वाया गेला हे समोरच्याला कळावं म्हणून, आणि लिनक्स तसंच वागतो. या रीसेटच्या धक्क्यात तुमचा अजून न गेलेला डेटा जातो आणि समोरच्याकडे पोचलेला पण त्याच्या ॲप्लिकेशनने न वाचलेलाही जाऊ शकतो. सेंड यशस्वी झाला म्हणजे डेटा तुमच्या कर्नलच्या बफरमध्ये गेला, त्यापुढचं काही वचन त्यात नाही.

सभ्यपणे निघायचं असेल तर फक्त लिहिण्याच्या दिशेचा शटडाऊन करा, मग समोरून जे येईल ते वाचत राहा, रीडने शून्य दिलं की समोरच्यानेही आवरलं, मग क्लोज. या वाचण्याला वेळेची मर्यादा हवीच, नाहीतर एखादा आडमुठा समोरचा तुम्हाला कायमचा बांधून ठेवेल. एंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ही सोय लिंगरिंग क्लोज या नावाने आहे, मूळ सेटिंगमध्ये नवीन डेटासाठी ५ सेकंद थांबतो आणि एकूण ३० सेकंदांवर चालू देत नाही. सगळ्यात पक्कं म्हणजे मेसेज मिळाल्याची पोच तुमच्या प्रोटोकॉलमध्येच ठेवणं, पण ते समोरची बाजूही तुमच्या हातात असेल तर.

लायब्ररी लिहिणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच की या दोन गोष्टींना दोन वेगळी फंक्शनं द्या, एक आवरून निघणारं आणि एक तडक तोडणारं. एकाच क्लोजमध्ये खरं-खोटं असा पॅरामीटर घालून दोन्ही कोंबलं की सहा महिन्यांनी तिथे 'खरं' म्हणजे काय हे कोणालाच आठवत नाही.

प्रश्न: माझ्याकडे आधीच उघडलेलं सॉकेट आहे, ते मी एका लायब्ररीला वापरायला देतो. काम झाल्यावर बंद कोणी करायचं, मी की लायब्ररीने?

उत्तर: दोन्ही चालतं, पण डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं हवं आणि शक्यतो फंक्शनच्या नावातूनच कळायला हवं. माझा कल असा की लायब्ररीने उघडलं तर लायब्ररीने बंद करावं, तुम्ही उघडून दिलं तर तुम्ही, आणि मालकी द्यायचीच असेल तर ती ठसठशीतपणे द्यावी, म्हणजे दिल्यावर तुमच्या हातात काही उरायलाच नको. रस्टमध्ये हे कंपाइलरच बघतो. पायथनमध्ये सॉकेटला डिटॅच आहे, तो आकडा तुमच्या हातात देतो आणि सॉकेट ऑब्जेक्ट हात झटकून मोकळा.

भाषांचे स्वभाव वेगळे असतात हेही लक्षात ठेवा. जावामध्ये सॉकेटचा इनपुट स्ट्रीम बंद केला की अख्खं सॉकेट बंद होतं, म्हणजे तुम्ही कोणालातरी नुसतं वाचायला स्ट्रीम दिलात, त्याने काम झाल्यावर शहाण्यासारखा तो बंद केला, आणि तुमचं लिहिणं मेलं. पायथनमध्ये बरोबर उलटं, मेकफाईलने फाईलसारखा ऑब्जेक्ट काढला असेल तर सॉकेटवर क्लोज करूनही तो ऑब्जेक्ट बंद होईपर्यंत खरं सॉकेट उघडंच राहतं, आत मोजणी ठेवलेली असते. म्हणूनच तिथल्या डॉक्युमेंटेशनमध्येही वेळेवर तोडायचं असेल तर क्लोजच्या आधी शटडाऊन करा असं सांगितलंय. दोन्हींत मला पायथनचं वागणं बरं वाटतं, पण नवख्याला दोन्ही बुचकळ्यात पाडतात.

प्रश्न: एचटीटीपी क्लायंटचा कनेक्शन पूल (परत वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं) वापरतो. मधूनच, दिवसातून दोन-तीनदा, रिक्वेस्ट पाठवल्या पाठवल्या 'कनेक्शन रीसेट' येतं. सर्व्हर तर नीट चालू असतो. पूलमध्ये क्लोज केलं तर नेमकं काय होतं?

उत्तर: पूलमधल्या कनेक्शनवर क्लोज म्हणजे बहुतेक वेळा परत ठेवणं. यात अट एकच, ते स्वच्छ असायला हवं. रिस्पॉन्स अर्धा वाचून परत ठेवला तर पुढच्या माणसाला तुमचं उरलेलं उत्तर त्याचं म्हणून मिळेल, त्यामुळे चांगली लायब्ररी एकतर उरलेला भाग वाचून टाकते नाहीतर ते कनेक्शन खरंच तोडते. मोठा रिस्पॉन्स असेल तर तोडणंच स्वस्त.

तुमची रीसेटची भानगड वेगळी आहे, ती वेळेची शर्यत आहे. रिकामं पडलेलं कनेक्शन सर्व्हर ठराविक वेळाने बंद करतो, अपाचीमध्ये मूळ सेटिंग ५ सेकंद, एंजिनएक्समध्ये ७५ सेकंद. सर्व्हरने फिन पाठवला तो अजून वाटेत आहे आणि इकडे तुमच्या पूलने तेच कनेक्शन चांगलं समजून त्यावर रिक्वेस्ट टाकली, दोघांची वाटेत चुकामूक. वापरायच्या आधी कनेक्शन जिवंत आहे का तपासल्याने हे कमी होतं, पण संपत नाही, कारण तपासणं आणि पाठवणं यातही फट आहेच. क्लायंटची रिकामं ठेवायची वेळ सर्व्हरपेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे आधी क्लायंट बंद करेल आणि मधे लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांत वाटणारा) असेल तर त्याचीही वेळ बघा. तरी एखादी एरर येणारच, तिथे गेट सारखी पुन्हा केली तरी चालणारी रिक्वेस्ट लायब्ररीने गुपचूप परत पाठवायला हरकत नाही, पण पोस्ट आपणहून परत पाठवू नये, सर्व्हरने ती आधीच केलेली असू शकते आणि मग एकाच व्यवहाराचे दोन होतात.

एचटीटीपी/२ मध्ये एकाच कनेक्शनवर अनेक स्ट्रीम एकदम चालतात, तिथे एका रिक्वेस्टचं काम झालं किंवा ती रद्द केली म्हणून कनेक्शन तोडलं तर बाकीच्यांच्या पोटावर पाय. एक स्ट्रीम थांबवायची तर आरएसटी-स्ट्रीम फ्रेम, आणि अख्खं कनेक्शन आवरायचं तर गो-अवे. गो-अवेमध्ये 'अमुक नंबरपर्यंतच्या स्ट्रीम मी घेतल्या असतील' हा आकडा असतो, त्यापुढच्या नंबरच्या रिक्वेस्टला सर्व्हरने हातही लावलेला नाही हे नक्की, म्हणजे पोस्ट असली तरी दुसऱ्या कनेक्शनवर बिनधास्त पाठवा. वरच्या चुकामुकीला एवढं नेटकं उत्तर एचटीटीपी/१.१ मध्ये नव्हतं.

प्रश्न: पॅरेंट प्रोसेसमध्ये क्लोज केलं तरी क्लायंटला कनेक्शन चालूच दिसतं. मधे एक फोर्क केलेला चाइल्ड आहे.

उत्तर: तोच तो, फोर्क म्हणजे प्रोसेसची नक्कल काढणं, त्यामुळे चाइल्डकडेही त्या सॉकेटची एक प्रत आहे, मोजणी शून्य होत नाही. सॉकेट उघडतानाच सॉक-क्लोएक्झेक फ्लॅग द्या, लिनक्समध्ये तो २.६.२७ पासून आहे, मग चाइल्डने एक्झेक केलं, म्हणजे स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्रॅम चालू केला, की प्रत आपोआप बंद होते. नुसता फोर्क असेल, एक्झेक नसेल, तर चाइल्डने नको असलेली सॉकेट सुरुवातीलाच स्वतः क्लोज करावीत. क्लोज म्हणतोय, शटडाऊन नाही! चाइल्डने शटडाऊन केला तर पॅरेंटचंही कनेक्शन गेलं. डेटाबेसच्या कनेक्शनला तर चाइल्डमधून नेहमीचं क्लोज फंक्शनही लावू नका, ते सर्व्हरला निरोपाचा मेसेज पाठवतं आणि पॅरेंटचं सेशन त्याच्या पायाखालून निघून जातं. एसक्यूएल-अल्केमी या पायथनच्या डेटाबेस लायब्ररीमध्ये याच कामासाठी डिस्पोजला क्लोज बंद ठेवायचा पर्याय दिलाय, तो चाइल्डमध्ये पहिल्याच ओळीत वापरा.

प्रश्न: क्लोजने 'मधेच सिग्नल आला' ही एरर दिली तर परत क्लोज करायचा का? आणि सर्व्हरवर हजारो टाइम-वेट दिसतात, ते लीक आहे का?

उत्तर: लिनक्सवर परत करू नका, एरर आली तरी आकडा सुटलेला असतो, दुसरा क्लोज दुसऱ्याच कोणाच्या सॉकेटवर बसेल. टाइम-वेट, म्हणजे बंद झालेल्या कनेक्शनची थोडा वेळ ठेवलेली नोंद, लीक नाही, ज्याने आधी बंद केलं त्याच्याकडे ते राहतात आणि लिनक्सवर ६० सेकंदांनी आपोआप जातात. क्लोज-वेट वाढत असतील तर मात्र काळजी करा, म्हणजे समोरचा कधीच निघून गेलाय आणि क्लोज करायचं तुमचा कोड विसरलाय, ते कितीही थांबलात तरी जात नाहीत. सॉकेटची यादी दाखवणाऱ्या एसएस कमांडला क्लोज-वेट स्टेट आणि पी पर्याय देऊन बघा, कोणता प्रोसेस धरून बसलाय ते तिथेच दिसेल.